हौसेला मोल लावलं की... : गाडीवेडे आणि गाड्यांचा उद्योग

शेजारची गाडी नुसती सुरू झाली तरी आवाजावरून "बेल्ट ढिला झालाय तिचा" असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. कुठल्या मॉडेलचं इंजिन कुठल्या साली बदललं, कुठला गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरला कुरकुर करतो, सगळं त्याला तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी नखांत ग्रीस. नवखा माणूस त्याला हमखास विचारतो, "तुम्ही गाड्यांच्या कंपनीत आहात का?" आणि तो सांगतो, छे हो, मी विम्याच्या ऑफिसात असतो. किंवा शाळेत शिकवतो. किंवा दातांचा डॉक्टर आहे.

गंमत उलट बाजूनेही आहे. गाड्यांच्या कंपनीत वीस वर्षं काढलेली, पण स्वतःच्या गाडीचं बॉनेट कधी न उघडलेली माणसंही भरपूर सापडतात. गाडीचं वेड आणि गाडीची नोकरी एकमेकांना चिकटलेली असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी नाती आहेत. ती कधी एकत्र येतात, पुष्कळदा येत नाहीत. असं का होतं ते कळायचं असेल तर आधी गाडी बनवणं म्हणजे नेमकं काय काम असतं, ते पाहावं लागेल.

शेवटच्या स्क्रूपर्यंत मोजलं तर एका गाडीत साधारण ३० हजार सुटे भाग असतात. ज्या कंपनीचं नाव गाडीच्या नाकावर असतं, तिने त्यातले थोडेच भाग स्वतः बनवलेले असतात. बाकीचे येतात पुरवठादारांकडून. ब्रेकची यंत्रणा एकाकडून, सीट दुसऱ्याकडून, वायरिंग तिसऱ्याकडून. बॉश, डेन्सो, झेडएफ, मॅग्ना ही अशा बड्या पुरवठादारांची नावं. कंपनीला थेट माल देणाऱ्यांना या धंद्यात 'टियर वन' म्हणतात, त्यांना माल देणाऱ्यांना 'टियर टू', आणि ही उतरंड आणखी खाली जाते. सर्वांत खालच्या पायरीवर एखादा कारखाना फक्त रबरी वॉशर कापत असतो. तिथला कामगारही वाहन उद्योगातच आहे. पण आपला वॉशर कुठल्या गाडीत जातो, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

आता या उतरंडीत एक इंजिनिअर कल्पून बघा. त्याच्याकडे काम आहे दाराच्या बिजागरीचं. बिजागरी! हजारो वेळा उघडझाप झाल्यावर दार किती खाली लोंबलं, थंडीत ग्रीस किती घट्ट झालं, रंगाच्या भट्टीतून जाताना धातू किती तापला, दुसऱ्या पुरवठादाराच्या बोल्टशी भोकं जुळतात का, आणि हे सगळं सांभाळून नगामागे थोडी बचत होते का. नवी गाडी कागदावरून रस्त्यावर यायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात, आणि त्यातली दोन-तीन वर्षं या माणसाची बिजागरीत जातात. गाडी बाजारात आल्यावर लोक तिच्या इंजिनावर तावातावाने बोलतात. बिजागरीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कोणी काढलं नाही, याचाच अर्थ काम फत्ते झालं.

गाडीवेड्या माणसाची गाडी अखंड असते. तिचा आवाज, वळणावरचा तोल, इतिहास, रूप, सगळं मिळून एक. उद्योगाची गाडी तुकड्यांची असते. हौशी माणसाला शंभर गाड्यांबद्दल थोडं थोडं ठाऊक असतं, तर नोकरीतल्या माणसाला एका गाडीच्या एका भागाबद्दल इतकं ठाऊक असतं की ऐकणाऱ्याला जांभई यावी. गप्पा रंगवायला पहिलं ज्ञान लागतं, पगार मात्र दुसऱ्याचा मिळतो.

हे तुकडे पहिल्यापासून नव्हते. सुरुवातीच्या काळात गाडी बनवणारा आणि गाडीने झपाटलेला हा बहुधा एकच माणूस असे, कारण झपाटल्याशिवाय कोणी त्या भानगडीत पडतच नसे. मग १९१३ साली हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी साखळी आली. एका सांगाड्याच्या जुळणीला साडेबारा तास लागत, ते पुढे ९३ मिनिटांवर आले. पण त्याच वर्षीचा दुसरा आकडा जास्त बोलका आहे. सुमारे १४ हजार कामगारांची संख्या टिकवायला फोर्डला वर्षभरात ५२ हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली. माणसं येत, दिवसभर एकच नट आवळत आणि निघून जात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला ५ डॉलर, म्हणजे जवळपास दुप्पट मजुरी जाहीर केली. त्या निर्णयाची आजवर बरीच वाहवा झाली आहे. पण त्यामागची एक गरज साधी होती: नट आवळण्यात आनंद उरला नव्हता, तेव्हा माणूस टिकवायला पैसा मोजावा लागणार होता.

कारकुनी कामात किंवा कॉम्प्युटरसमोरही हेच सूत्र चालतं. आजच्या महागड्या गाड्यांत सुमारे १० कोटी ओळींचं सॉफ्टवेअर असतं असं सांगतात. त्यातल्या काही हजार ओळी लिहिणाऱ्याला पेट्रोलचा वास आवडतो की नाही, याने त्या ओळींच्या दर्जात फरक पडत नाही. जगात वर्षाला ९ कोटींच्या आसपास वाहनं बनतात. एवढा पसारा निव्वळ वेड्यांच्या बळावर उभा राहणं शक्यच नाही. हिशेबनीस, खरेदी अधिकारी, साचे बनवणारे, रसायनतज्ज्ञ, नियमांची कागदपत्रं तयार करणारे, सगळे लागतात.

बरं, समजा वेडा माणूस आत गेला. मग?

मग त्याच्यावर पहिली पाळी येते ती आपल्या आवडीलाच नाही म्हणायची. उघडझाप होणाऱ्या हेडलाइट्सचं उदाहरण घ्या. बटण दाबलं की बेडकासारखे डोळे वर करणारे ते दिवे अनेक गाडीवेड्यांच्या काळजाचा तुकडा आहेत. १९३६ च्या कॉर्ड ८१० या अमेरिकन गाडीत ते होते, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्पोर्ट्स गाडी म्हटली की ते पुष्कळदा असायचे. यामागे नुसती फॅशन नव्हती. अमेरिकेत तेव्हा ठरावीक आकाराचेच सीलबंद दिवे चालत आणि ते जमिनीपासून किमान उंचीवर असावेत असाही नियम होता. गाडीचं नाक तर हवा कापायला खाली हवं. मग दिवा लपवायचा आणि लागेल तेव्हाच वर काढायचा, ही त्यातली पळवाट. १९८३ मध्ये अमेरिकेने बल्ब बदलता येणाऱ्या, हव्या त्या आकाराच्या दिव्यांना परवानगी दिली. पुढे लहान भिंगातून भरपूर उजेड पाडणारे दिवे आले आणि पळवाटेची गरजच संपली. त्यात युरोपात २००५ पासून नव्या मॉडेलांना पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम लागू झाले. धडकलेल्या माणसाच्या अंगात घुसेल असं काही गाडीच्या नाकावर उभं असणं अवघड झालं. २००४ मध्ये लोटस एस्प्रिट आणि पाचव्या पिढीची कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाड्या बंद झाल्या, आणि त्यांच्याबरोबर हे दिवेही गेले.

हौशी माणूस म्हणतो, "कंपन्यांना सौंदर्यदृष्टीच राहिली नाही." आतला माणूस तेच दिवे मनातून आवडत असूनही त्यांची मोटर, तिचं वजन, थंडीत दिवा अडकल्यावर येणाऱ्या तक्रारी आणि पादचाऱ्याचा गुडघा यांचा हिशेब मांडतो आणि फाइल बंद करतो.

हल्लीच्या गाड्यांची नाकं उंच आणि बोजड का दिसतात, याचंही उत्तर बरंचसं इथेच आहे. धडक बसल्यावर पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटतं. बॉनेटचा पत्रा आत दबला तर तो मार सोसतो, पण पत्र्याखाली लगेच इंजिनाचं टणक लोखंड असेल तर सोसणार काय? म्हणून मध्ये मोकळी जागा ठेवायची, आणि त्यासाठी बॉनेट वर उचलायचं. समोरच्या काचेलगतचे खांब जाडजूड झाले त्याचंही असंच. गाडी उलटली तर छताने किती भार पेलावा, हा अमेरिकेतला निकष २००९ मध्ये गाडीच्या वजनाच्या दीडपटीवरून तिप्पट करण्यात आला. खांब बारीक असले की बाहेरचं छान दिसतं, हे तो खांब आखणाऱ्यालाही ठाऊक असतं.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ती गाडीवेड्यांना ऐकायला आवडत नाही, आणि मी स्वतःला त्यांच्यातच मोजतो. आपण मागणी करतो नव्या गाडीची आणि विकत घेतो जुनी. हाती बदलायचे गिअर, मागच्या चाकांना ताकद, हलकं वजन, चार दारं आणि ऐसपैस डिकी, अशी गाडी कोणी काढली की आपण टाळ्या वाजवतो. मग सात-आठ वर्षं थांबतो आणि कोणाची तरी वापरलेली घेतो. कंपनीला पैसे मिळतात फक्त पहिल्या गिऱ्हाइकाकडून, आणि त्या गिऱ्हाइकाला बहुतेकदा मुलांची सीट नीट बसणारी, कुरकुर न करणारी, सोपी गाडी हवी असते. त्यामुळे कंपनीत वेड नसलेली माणसं असणं हा मला दोष वाटत नाही. कप ठेवायची जागा, चढ-उतार करताना गुडघ्याला न लागणारा दाराचा कोपरा, ओझं उचलून टाकायला बरी पडणारी डिकीची उंची, या गोष्टी गाडीच्या प्रेमात न पडलेल्या माणसालाच आधी दिसतात.

आता थोडं मनाबद्दल. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसतं. मानसशास्त्रात हा प्रश्न उलटा करून विचारला गेला आहे: हौसेला मोल लावलं तर काय होतं? मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतली काही मुलं अशी निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर ते दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तीच पेनं ठेवली. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ पेनं हातात घेत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे बक्षिसाने बिघडवलं नव्हतं. 'हे मी बक्षिसासाठी करतोय' ही भावना मध्ये आली, तिने बिघडवलं होतं.

हा प्रयोग लहान मुलांचा आणि पेनांचा आहे. तो नोकरीला तंतोतंत लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवा झालेला मेकॅनिक स्वतःच्या गाडीचं काम महिनोन् महिने पुढे का ढकलतो, याचा अंदाज त्यावरून येतो. घरच्या गॅरेजात कार्ब्युरेटर उघडून बसलेल्याला घड्याळ नसतं. जमलं नाही तर झाकून ठेवायचं आणि पुढच्या सुट्टीला बघायचं. वर्कशॉपमध्ये मात्र त्याच कार्ब्युरेटरला ठरलेले तास असतात, आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. स्क्रू तोच, पान्हाही तोच, पण एकीकडे निर्णय आपला असतो आणि दुसरीकडे नसतो.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की उद्योगात वेड्यांना थाराच नाही. तसं अजिबात नाही. ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, काही कोपऱ्यांत गर्दी करून असतात. स्टीअरिंगचा जडपणा, सस्पेन्शनचं उसळणं, ब्रेक पेडलचा पहिला स्पर्श, या गोष्टी अजूनही माणसाच्या बुडाने आणि तळव्यांनीच शेवटच्या ठरतात. कॉम्प्युटर नव्वद टक्के काम करून देतो म्हणा, पण उरलेल्या कामासाठी कोणीतरी रोज तीच गाडी त्याच वळणावरून नेतो आणि दरवेळी शॉक ॲब्सॉर्बरमधली एखादी झडप बदलून बघतो. स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोग गावाजवळच्या गोठलेल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात कंपन्यांचे ताफे हेच करायला उतरतात. बर्फावर घसरणाऱ्या गाडीत आठवडेच्या आठवडे काढायचे, तर वेड लागतंच.

टोयोटात हिरोमु नारुसे नावाचा असा एक चाचणी चालक होता. १९६३ मध्ये मेकॅनिक म्हणून लागलेला. संस्थापकांच्या घराण्यातल्या अकिओ टोयोडांना त्याने तोंडावर सुनावलं होतं की, गाडी नीट चालवता न येणाऱ्याने गाडीबद्दल मतं देऊ नयेत. ही आठवण स्वतः टोयोडाच सांगतात. रागवायचं सोडून ते त्याच्याकडे चालवायला शिकले, २००७ मध्ये 'मोरिझो' या टोपणनावाने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग शर्यतमार्गावरच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरले, आणि २००९ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी नारुसे नुर्बुर्गरिंगजवळच्या रस्त्यावर चाचणीची गाडी चालवताना अपघातात गेला.

बाहेरच्या वेड्याने आतल्यांना गाडी सुचवली आणि ती खरंच झाली, अशीही उदाहरणं आहेत. मला सर्वांत आवडतं ते बॉब हॉलचं. हा अमेरिकन मोटार-पत्रकार, जुन्या ब्रिटिश दोन आसनी उघड्या गाड्यांवर जीव. १९७९ मध्ये माझ्दाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांच्यापुढे त्याने मन मोकळं केलं: साधी, स्वस्त, उघड्या छताची गाडी आता कोणी बनवतच नाही, तुम्ही बनवा. दोन वर्षांनी तो स्वतःच माझ्दात नोकरीला लागला, आणि यामामोतोंना ते बोलणं आठवत होतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. ती एमएक्स-५, ऊर्फ मिआटा. २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या झाल्या.

ही गोष्ट सांगताना लोक एक टप्पा गाळतात. कल्पना सुचण्यापासून शिकागोपर्यंत दहा वर्षं गेली. बरीच वर्षं तो कंपनीतला दुय्यम प्रकल्प होता. तोशिहिको हिराई या प्रकल्पप्रमुखाने वजनावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरेन्शियल एका लांबट चौकटीने जोडून टाकला, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच गाडीने आळस न देता उत्तर द्यावं. हॉलचं वेड होतं म्हणून गाडी सुरू झाली. ती पूर्ण झाली ती वजनाचा हिशेब ठेवणाऱ्यांमुळे.

स्वतःचाच कारखाना काढणारे वेडे हा तिसरा प्रकार. क्रोएशियाच्या माटे रिमाकने जुनी १९८४ ची बीएमडब्ल्यू शर्यतीला घेतली, तिचं इंजिन उडालं, तर त्याने तिला विजेवर चालवलं. २००९ मध्ये कंपनी काढली, आणि २०२१ मध्ये बुगाटीसारखं नाव त्याच्या कंपनीशी जोडलं गेलं. अशा कहाण्या ऐकायला झकास असतात, पण त्यांच्यामागे बंद पडलेल्या कारखान्यांची रांग असते. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

यापेक्षा सोइचिरो होंडाची सुरुवात मला जास्त शिकवणारी वाटते. गॅरेजात उमेदवारी केलेला, शर्यतीत अपघात करून घेतलेला अस्सल वेडा. त्याने पिस्टनच्या रिंगा बनवायला घेतल्या, पण त्या काही जमेनात. हातात कसब होतं, पण ओतीव लोखंडात सिलिकॉन किती लागतं हे कसबाने कळत नाही. तिशीच्या आसपासचा, स्वतःचा कारखाना असलेला हा माणूस मग हामामात्सूच्या तांत्रिक शाळेत पोरांबरोबर धातुशास्त्राच्या तासाला जाऊन बसला. एवढं करूनही पुढे टोयोटाने तपासणीला घेतलेल्या ५० रिंगांपैकी ३च पास झाल्या.

कोणी तरुण "मला गाड्यांचं वेड आहे, याच क्षेत्रात जाऊ का?" असं विचारतो, तेव्हा मी त्याला विचारतो, वेड नेमकं कशाचं? चालवण्याचं असेल तर चाचणी चालकांच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. दिसण्याचं असेल तर चित्रकला पक्की कर. चिकणमातीची पूर्ण आकाराची गाडी घडवणारे हात डिझाइन स्टुडिओत आजही लागतात. पान्ह्याचं असेल तर जुन्या गाड्या नव्यासारख्या करणारी किंवा शर्यतीच्या संघांची वर्कशॉपं मोठ्या कंपनीपेक्षा जवळची वाटतील. तिथे गाडी अजून अखंड असते, पैसा मात्र कमी आणि रात्री लांब. आणि नुसतं सगळं ठाऊक असण्याचं वेड असेल, तर विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडू नकोस.

याहून जास्त नेमकं उत्तर हवं असेल, तर कॉलेजच्या पोरांची 'फॉर्म्युला एसएई' ही स्पर्धा बघावी. १९८१ पासून चालू आहे. विद्यार्थ्यांनी छोटी शर्यतीची गाडी स्वतः आखायची, बनवायची आणि पळवायची. गुण एकूण १०००. सरळ रेषेतला वेग, वळणं, दमाची शर्यत, इंधन, सगळ्याला वाटे आहेत. पण १५० गुण आराखड्याच्या तोंडी परीक्षेला, १०० गुण खर्चाच्या अहवालाला आणि ७५ गुण गाडीचा धंदा कसा चालवाल, हे पटवून देण्याला. म्हणजे ३२५ गुण गाडी जागची न हलताच ठरतात. परीक्षक एखादा बोल्ट दाखवतो आणि विचारतो, हा एवढा जाड का घेतलास, आणि बारीक घेतला असतास तर किती वाचले असते?